निरोपाचा शिष्टाचार

सातारा जिल्ह्यात वेण्णा नदीच्या काठी मेढा हे गाव वसले आहे. जावळी तालुक्याचे ते मुख्य ठिकाण. केळघरचा घाट चढून गेले की महाबळेश्वर लागते आणि खाली वेण्णेचे पाणी कण्हेर धरणात साठते. चहूबाजूंस सह्याद्रीचे डोंगर, पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि उतारावरची भातखाचरे, असा हा मुलूख आहे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे या खोऱ्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आली. कोणी गिरणीत लागला, कोणी बाजारात माथाडी म्हणून ओझी वाहू लागला. घर जावळीत आणि घरधनी मुंबईत, अशी कित्येक कुटुंबांची स्थिती होती. निरोपाचे मोल काय असते, हे येथील माणसांना कोणी शिकवावे लागले नाही.

पूर्वी हा निरोप पत्राने येई. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत अवघी पाव आणा होती. स्वस्त असले तरी पोस्टकार्ड उघडे असे. ते टपालवाल्याच्या, दुकानदाराच्या आणि शेजाऱ्याच्या हातून घरी पोहोचे. म्हणून घरातील भांडण, कोणाची उधारी किंवा कोणाची निंदा असा मजकूर शहाणा माणूस कार्डावर लिहीत नसे. तो पाकिटात बंद करून पाठवी. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई. त्यामुळे सांगणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या, अशा दोघांच्या विचारातून मजकूर गाळून निघे. प्रारंभी वडिलांस ‘तीर्थरूप’, शेवटी थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद ही रीत कोणी मोडत नसे. मंगल पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागे आणि पत्र उघडण्यापूर्वीच वाचणाऱ्याचे मन त्या वार्तेसाठी तयार होई.

तारेचे शास्त्र याहून वेगळे होते. तिचे पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात. म्हणून तार करणारा मनुष्य एकेक शब्द तोलून वापरी. शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना तारखात्याने क्रमांकच देऊन ठेविले होते. दारात तारवाला दिसला की घरातील बायकामाणसांच्या काळजात धस्स होई; कारण निकडीचे काम असल्यावाचून कोणी तार करीत नसे. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

त्यापूर्वीच निरोपाने नवे रूप घेतले होते. अमेरिकेत २००४ साली फेसबुक आणि २००९ साली व्हॉट्सॲप सुरू झाले. भारतात २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि ही माध्यमे खेड्यापाड्यांत पोहोचली. आज मेढ्याच्या बाजारात काढलेले छायाचित्र नवी मुंबईतील मुलाच्या हाती निमिषार्धात पडते. गावाकडील मंडळी आणि मुंबईकर मंडळी एकाच समूहात दिवसभर बोलू शकतात. या सोयीचे मोल थोडे नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी शिक्षकांनी याच माध्यमातून मुलांचे धडे चालू ठेविले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सातारा जिल्ह्यात डोंगर खचले आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. अशा प्रसंगी दूर असलेल्या नातलगाला ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे चार शब्द मिळणे म्हणजे केवढा दिलासा!

परंतु पत्राबरोबर जे आपोआप येत होते, ते या नव्या निरोपाबरोबर आले नाही. पत्राला पैसे पडत, म्हणून माणूस कमी लिही. पत्राला वेळ लागे, म्हणून राग निवण्यास अवकाश मिळे. कित्येकदा रात्री रागाने लिहिलेले पत्र सकाळी टपालपेटीत पडण्याऐवजी चुलीत जाई. आता खर्च उरला नाही, विलंबही उरला नाही. पूर्वी जे काम पैसा आणि वेळ करीत होते ते आता माणसाच्या विवेकानेच करावयाचे आहे. ते जेथे होत नाही, तेथे प्रथम उपद्रव उत्पन्न होतो आणि पुढे अनर्थ ओढवतो.

आधी लहानसहान उपद्रव पाहू. त्यांतील पहिला म्हणजे शुभेच्छांचा पूर. सकाळ झाली की ‘सुप्रभात’ लिहिलेली फुलांची चित्रे एकामागून एक येऊ लागतात. पाठविणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु तेच चित्र पन्नास जणांनी पन्नास जणांना पाठविले म्हणजे त्यातील प्रेम पातळ होते आणि मोबाईलमधील जागा मात्र भरून जाते. भारतात हा प्रकार इतका वाढला की गूगल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये आणलेल्या ‘फाइल्स गो’ या साधनात मोबाईलमधील अशी नको असलेली चित्रे शोधून काढून टाकण्याची सोय करण्यात आली. अति तेथे माती, ही म्हण शुभेच्छांनाही लागू पडते. वर्षातून एकदा आलेले आजीचे पत्र जपून ठेवावेसे वाटे. रोज येणारे चित्र न पाहताच पुसले जाते.

दुसरा उपद्रव स्थळकाळाचे भान सोडण्याचा. गावाच्या पाणीपुरवठ्याची सूचना देण्यासाठी समूह तयार करावा आणि त्यात कोणी विनोद, कोणी जाहिरात, कोणी निवडणुकीचा प्रचार टाकीत राहावे, म्हणजे पाणी कधी येणार ही एक ओळ त्या गर्दीत हरवून जाते. दोघांचा वाद असेल तर तो दोघांनी बोलून मिटवावा. परंतु पुष्कळ लोक तो शंभर जणांसमोर मांडतात आणि मग माघार घेणे दोघांनाही कमीपणाचे वाटू लागते. रात्री बारा वाजता कोणी कोणाच्या घराचे दार ठोठावीत नाही. तथापि त्याच वेळी साध्या कामाचा निरोप धाडताना अनेकांना संकोच वाटत नाही. दिवसभर ओझी वाहून झोपलेल्या माथाडी कामगाराच्या उशाशी मोबाईल वाजला, तर त्याची झोपमोड होते, हे पाठविणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

तिसरा उपद्रव उत्तराची घाई करण्याचा. निरोप वाचला गेला हे दाखविणाऱ्या दोन निळ्या खुणा व्हॉट्सॲपने २०१४ साली आणल्या. तेव्हापासून ‘वाचले तरी उत्तर दिले नाही’ असा एक नवाच रुसवा जन्माला आला. वस्तुतः वाचणारा शेतात असेल, वाहन चालवीत असेल, आजाऱ्याच्या जवळ बसला असेल. पत्राच्या उत्तरासाठी आठ दिवस वाट पाहणाऱ्यांच्या नातवंडांना आठ मिनिटे धीर धरवू नये, हे आश्चर्य होय.

चौथा उपद्रव दुसऱ्याच्या गोष्टीवर आपला हक्क समजण्याचा. एखाद्याला न विचारता समूहात ओढणे, त्याचा दूरध्वनी क्रमांक तिसऱ्याला देणे, त्याचे छायाचित्र चारचौघांत मांडणे, या गोष्टी लोक सहज करतात. आपल्याला कोणी समूहात घ्यावे हे ठरविण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ साली करून दिली. पण ती अनेकांना ठाऊक नसते. याहून क्लेशकारक प्रकार दुःखाच्या प्रसंगी घडतो. अपघात झाला की काही जण मदतीआधी मोबाईल पुढे करतात. कधी घरच्यांना वार्ता कळण्यापूर्वीच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक फिरू लागतात, आणि मुलाला आपल्या पित्याच्या मृत्यूची बातमी परक्याच्या निरोपातून समजते. पूर्वी अशी वार्ता घेऊन कोणीतरी जाणते माणूस घरी येई, आधी पाणी मागे, जवळ बसे आणि मग बोले. त्या रीतीमागील माणुसकी ओळखली पाहिजे.

छायाचित्राचा हव्यास माणसांपुरता राहत नाही. जावळी व सातारा या तालुक्यांच्या सीमेवर कासचे पठार आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात तेथे तेरडा, सीतेची आसवे अशी नाजूक फुले उमलतात. फुलांच्या ताटव्यात बसलेले आपले छायाचित्र समाजमाध्यमावर झळकावे म्हणून काही पर्यटक त्या ताटव्यातच शिरतात. चित्र क्षणात जगभर जाते. चिरडलेल्या झाडाला मात्र बीज धरण्याची संधी मिळत नाही.

येथवर सांगितलेल्या गोष्टी त्रासदायक होत. परंतु काही चुकांची किंमत याहून फार मोठी असते. १ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. त्या दिवशी तेथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण त्या गावी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून त्या भागात आधीच पसरली होती. या परक्या माणसांना पाहून लोकांच्या मनात संशय आला. जमाव जमला. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण करण्यात आली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ते कोणाचेही मूल पळवीत नव्हते. त्यांच्या घरी मात्र मुले बापाची वाट पाहत राहिली.

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात असे तीत दिसे. वस्तुतः ती पाकिस्तानातील कराची शहरात एका सामाजिक संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनविलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कोणीतरी तेवढाच भाग कापला. उपदेशासाठी केलेली वस्तू अशा रीतीने भीतीचे साधन बनली.

मजकुरातील एवढासा फेरफार किती घातक ठरू शकतो, हे मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. त्यांना ‘धरावे’ अशी आज्ञा असता एका अक्षराच्या बदलाने ती ‘मारावे’ अशी झाली, अशी कथा प्रसिद्ध आहे आणि तीवरून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत रूढ झाला. त्या काळी फेरफार केलेली चिठ्ठी एकाच हाती पडे. आज तशी चिठ्ठी तासाभरात लाखो हातांत जाते.

सातारा जिल्ह्यालाही याची झळ लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली. तीत एका तरुणाचा बळी गेला, कित्येक जखमी झाले, दुकानांची व वाहनांची नासधूस झाली. जिल्ह्यातील इंटरनेट काही काळ बंद ठेवावे लागले. ज्यांचा त्या मजकुराशी काडीचाही संबंध नव्हता, अशा हजारो लोकांचे व्यवहार त्यामुळे अडले. वर्षानुवर्षे एका बाजारात सौदा करणारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागावीत, ही हानी पैशांत मोजता येत नाही.

एरवी सौजन्याने वागणारी माणसे मोबाईलवर अशी का वागतात? याचा विचार अभ्यासकांनी केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली असे दाखवून दिले की, आपण दिसत नाही, आपले नाव उघड नाही आणि समोरच्याचे उत्तर लगेच ऐकावे लागत नाही, अशी स्थिती असली म्हणजे माणसाच्या मनावरील बंधने सैल होतात. चावडीवर बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो. आपल्या शब्दाने तो उतरला की जीभ आपोआप आवरते. मोबाईलवर हा चेहराच दिसत नाही, आणि ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण बोटांना लागू पडते.

दुसरे कारण असत्याच्या आकर्षणात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा अभ्यास करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला. खरीपेक्षा खोटी बातमी लोकांकडून पुढे पाठविली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यांना आढळले. खोटी बातमी नवलाची असते, ती भीती किंवा चीड उत्पन्न करते, म्हणून ती माणसाच्या हाती फार वेळ ठरत नाही. तिसरे कारण व्यापाराचे. फेसबुकसारख्या माध्यमांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते. लोक जितका वेळ पडद्यासमोर राहतील तितक्या जाहिराती दिसतात. म्हणून ज्या मजकुरावर लोक तुटून पडतात तोच वरचेवर पुढे आणला जातो. भांडणाने गर्दी जमते आणि गर्दीने उत्पन्न वाढते.

या अनर्थांनंतर काही उपाय योजिले गेले. व्हॉट्सॲपने २०१८ साली पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. वारंवार फिरलेल्या निरोपासाठी २०२० साली ही मर्यादा एकावर आणली. भारतात २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. त्याचा वापरही तारतम्याने व्हावा लागतो; त्यातील ६६-अ हे कलम विचारस्वातंत्र्यास बाधक ठरल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. समूहातील एकाने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर एवढ्यावरून समूह चालविणारा दोषी ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला. याचा अर्थ ज्याचा शब्द त्याचीच जबाबदारी. मात्र कायदा अपराध घडल्यावर येतो, आणि कंपनीची मर्यादा फार तर वेग कमी करते. निरोप हाती असताना आणि बोट बटणाजवळ असताना जो क्षण मिळतो, तो केवळ पाठविणाऱ्याच्या स्वाधीन असतो.

त्या क्षणी काय करावे? पत्रलेखनाच्या जुन्या रीतींतच याचे उत्तर आहे. आलेला मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि तो कोठला आहे, हे प्रथम पाहावे. ज्यावर नाव, गाव, तारीख काहीच नाही असे पत्र पूर्वी कोणी खरे मानीत नसे. निनावी निरोपाचीही तीच गत असावी. धरणाच्या पाण्याविषयी, दरडीविषयी किंवा साथीविषयी वार्ता आली, तर तहसील कार्यालय, पोलीस ठाणे किंवा विश्वसनीय वृत्तपत्र यांकडून खातरजमा करावी आणि ती होईपर्यंत निरोप आपल्यापाशीच थांबवावा. ज्याच्याविषयी लिहिले आहे तो समोर बसला असता हे शब्द उच्चारता येतील काय, असे स्वतःस विचारावे. उत्तर नकारार्थी असेल तर ते शब्द पुसून टाकावेत. राग आला असता रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्याचे चित्र, क्रमांक वा दुःख त्याच्या संमतीवाचून चारचौघांत नेऊ नये. समूह ज्या कामासाठी आहे तेच तेथे बोलावे. चूक झालीच, तर जेथे खोटी वार्ता पाठविली तेथेच ‘ती खोटी होती’ असे स्पष्ट लिहावे. गुपचूप पुसल्याने ज्यांनी ती वाचली त्यांचा गैरसमज दूर होत नाही.

आणखी एक गोष्ट लहान मुलांच्या संबंधाने सांगितली पाहिजे. व्हॉट्सॲप व फेसबुक या माध्यमांच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही. वर्गातील मुलाचे व्यंग, त्याची भाषा, त्याचे कपडे यांवरून समूहात केलेली थट्टा करणाऱ्याला क्षणभराची गंमत वाटते. शाळेच्या आवारातील थट्टा घंटा झाल्यावर थांबे. मोबाईलमधील थट्टा त्या मुलाच्या घरापर्यंत, अंथरुणापर्यंत त्याचा पाठलाग करते. असे घडत असेल तर सोसणाऱ्याने ते लपवू नये, वडीलधाऱ्यांस व शिक्षकांस सांगावे. आणि पाहणाऱ्याने हसण्यात सामील होऊ नये.

जावळीच्या डोंगरांतून मुंबईस गेलेल्या पहिल्या पिढीने महिनोन्‌महिने एका पत्राची वाट पाहिली. ज्यांच्या वाट्याला ती प्रतीक्षा आली, त्यांनी दोन ओळींत सारे घर मावविले. आज अंतर सरले आहे. मुलगा मुंबईत जेवायला बसला की त्याची आई त्याचे ताट पाहू शकते. एवढे मोठे साधन हाती आल्यावर त्याने आईला रोज एक उसने चित्र पाठवावे, की आपल्या शब्दांत ‘पाऊस कसा आहे, गुडघा दुखायचा थांबला का’ असे विचारावे, हे त्याने ठरवावयाचे आहे.